पाटीवर नाव कोणाचे?

जुन्या मोटारींचे प्रदर्शन हा विषय आपल्या कौटुंबिक पानावर कशाला, असा प्रश्न काही वाचक करतील. ज्यांच्या घरी पहिली सायकल आली तेव्हा गल्लीत साखर वाटली गेली, त्यांनी रोल्सरॉइसची आणि शर्यतीच्या गाड्यांची चर्चा का करावी? आमचे म्हणणे असे की, मोटारीत कोण बसले, ती कोणी हाकली, ती कोणी दुरुस्त केली आणि शेवटी नाव कोणाचे झाले, हा माणसाच्या प्रतिष्ठेचा इतिहास आहे. आपली कितीतरी मुले आणि आता मुलीही आय.टी.आय.मध्ये पाना हातात घेऊन उभ्या आहेत. त्यांच्यासाठी हा लेख.

मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया नावाची संस्था आहे. ती जुन्या मोटारींचे मेळावे आणि फेऱ्या भरवते. दिल्लीला तर 'स्टेट्समन' या इंग्रजी वृत्तपत्राने १९६४ सालीच अशी फेरी सुरू केली. या शौकात मोटारींचेही वयोगट असतात. साधारणपणे १९१९ ते १९३० या काळात तयार झालेली मोटार म्हणजे 'व्हिंटेज'. त्यानंतरच्या जुन्या गाड्यांना बोलीत 'क्लासिक' म्हणतात.

आम्ही कामानिमित्त मुंबईला गेलो असताना असे एक प्रदर्शन पाहिले. सोबत आमची पुतणी होती. तिने आय.टी.आय.चा मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि एस.टी.च्या एका आगारात उमेदवारीही केली आहे. जुना जालना ते मुंबई हा देवगिरी एक्स्प्रेसचा रात्रभराचा प्रवास तिने जवळजवळ जागून काढला. गाडीतल्या गर्दीपेक्षा तिला दुसऱ्या दिवशीच्या मोटारींचीच ओढ जास्त होती.

तेथे काय नव्हते! फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' होती. ही मोटार १९०८ ते १९२७ पर्यंत बनत होती आणि दीड कोटीहून जास्त गाड्या निघाल्या. सामान्य माणसाला परवडेल अशी मोटार करायची म्हणून हेन्री फोर्डने १९१३ साली कारखान्यात सरकती साखळी बसवली. कामगार जागेवर उभा आणि गाडी त्याच्यासमोरून पुढे जाणार, अशी ती पद्धत. पलीकडे खेळण्यासारखी दिसणारी ऑस्टिन सेव्हन, संस्थानिकांच्या लांबलचक ब्यूक, आणि आमच्या पिढीने सिनेमात पाहिलेली 'डुक्कर फियाट'. लोक फोटो काढत होते. लहान मुले हॉर्नचा रबरी गोळा दाबून पाहत होती.

पुतणी मात्र प्रत्येक गाडीपुढची पाटी वाचत होती. पाटीवर गाडीचे नाव, साल आणि मालकाचे नाव. सात-आठ पाट्या वाचून झाल्यावर ती म्हणाली, "काका, गाडी कोणी चालू ठेवली ते कुठेच लिहिलेलं नाही."

एका गाडीच्या उघड्या बोनेटपाशी सत्तरीचे एक मिस्त्री फडक्याने हात पुशीत उभे होते. पुतणीने कार्बोरेटरबद्दल विचारले तशी त्यांची कळी खुलली. या गाडीचा एकही सुटा भाग आता बाजारात मिळत नाही, असे त्यांनी सांगितले. बुश झिजले की पितळेचे नवीन लेथवर कातून घ्यायचे. पत्रा गंजला की तेवढा कापून, नवा ठोकून, डाग दिसणार नाही असा जोडायचा. एका पिस्टनसाठी आपण चार महिने घालवले, असे ते अभिमानाने म्हणाले. आम्ही त्यांना म्हटले, "दादा, मग पाटीवर तुमचं नाव हवं होतं." ते हसले. "माझं नाव कशाला? गाडी साहेबांची आहे."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. आमच्या पुतणीच्या चेहऱ्यावर मात्र होती.

पुढे एका कोपऱ्यात शर्यतीची जुनी गाडी होती. जमिनीपासून वीतभर उंच, मडगार्ड नाही, टप नाही, एकाच माणसाला बसायला जागा. पुतणीने आम्हाला तिचे मर्म समजावून सांगितले. गाडीचे वजन जितके कमी, तितके इंजिनाचे जोर वेगाला लागते. गाडी जितकी बुटकी, तितकी वळणावर उलटण्याची भीती कमी. म्हणून जे जे पळण्याच्या कामाचे नाही ते ते काढून टाकायचे. आपल्या देशात अशा शर्यती मद्रासजवळच्या शोलावरम येथे जुन्या धावपट्टीवर होत असत. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन बसवून एकआसनी शर्यतीची गाडी तयार केली. त्यामुळे पुष्कळ होतकरू मुलांना शर्यतीचे दार उघडले.

याच विद्येची एक गरीब शाखा अमेरिकेत निघाली. तिला 'हॉट रॉड' म्हणतात. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात कॅलिफोर्नियातल्या कामगारांच्या पोरांना नवी गाडी घेणे शक्य नव्हते. त्यांनी भंगारातून जुन्या फोर्ड गाड्या आणल्या, मडगार्ड आणि बोनेट उतरवले, आणि १९३२ साली फोर्डने काढलेले स्वस्त आठ सिलिंडरचे इंजिन त्यात बसवले. कोरड्या पडलेल्या तळ्यांच्या सपाट मैदानावर ते या गाड्या पळवीत. १९३७ साली त्यांची संघटना झाली. दुसऱ्या महायुद्धात लष्करात यंत्रकाम शिकलेले जवान घरी परतल्यावर हा नाद आणखी वाढला आणि १९४८ साली त्याला वाहिलेले मासिकही निघाले. आज त्याच भंगारातल्या गाड्या प्रदर्शनात चकचकीत होऊन उभ्या राहतात आणि त्यांची किंमत ऐकून छाती दडपते.

परंतु त्याच अमेरिकेत कातडीचा रंग काळा असला की शर्यतीचे फाटक बंद होते. इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत जगप्रसिद्ध आहे. तेथे काळ्या चालकाला उतरू देत नसत. तेव्हा काळ्या समाजाने रडत न बसता २ ऑगस्ट १९२४ रोजी त्याच शहरात आपली स्वतःची शंभर मैलांची शर्यत भरवली. तिचे नाव 'गोल्ड अँड ग्लोरी'. तीत चार्ली विगिन्स नावाचा एक मेकॅनिक गाजला. हा माणूस लहानपणी मोटारींच्या दुकानाबाहेर बुटांना पॉलिश करी. तेथूनच तो आत शिरला, काम शिकला, पुढे स्वतःचे गॅरेज काढले आणि भंगारातले भाग जुळवून स्वतःची शर्यतीची गाडी बांधली. १९३४ साली बिल कमिंग्ज या गोऱ्या चालकाला आपली गाडी विगिन्सच्याच हातून तयार करून हवी होती. पण मैदानावर काळा मेकॅनिक चालत नव्हता. म्हणून विगिन्सला झाडूवाला म्हणून आत घेतले गेले. लोकांसमोर झाडू आणि लोकांच्या माघारी पाना! त्या वर्षीची शर्यत कमिंग्जने जिंकली. जगाला विजेत्याचे नाव कळले, इंजिनाला हात लावणाऱ्याचे कळले नाही. त्या शर्यतीत पहिला काळा चालक उतरायला १९९१ साल उजाडावे लागले. त्याचे नाव विली रिब्ज.

दुसरे नाव वेंडेल स्कॉट यांचे. तेही लष्करात मोटारींचे काम केलेले. आपल्या गाडीचे चालक तेच आणि मेकॅनिकही तेच. १ डिसेंबर १९६३ रोजी फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल येथे त्यांनी मोठी शर्यत जिंकली. पण विजेता म्हणून एका गोऱ्या चालकाचे नाव पुकारले गेले आणि चषकही त्यालाच दिला. काही तासांनी, लोक घरी गेल्यावर, मोजणीत चूक झाली होती, खरे विजेते स्कॉटच, असे मान्य करण्यात आले. तो चषक त्यांना मिळाला नाही. १९९० साली ते वारले. शर्यत भरवणाऱ्या संस्थेने त्यांच्या कुटुंबाच्या हाती चषक दिला तो २०२१ साली, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांनी.

वाचकहो, हे वाचताना आपल्याला आपलेच घर आठवते की नाही? बाबासाहेबांनी आपल्या प्रवासातले अनुभव लिहून ठेवले आहेत. ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या नावाने प्रसिद्ध आहेत. १९०१ साली लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांकडे गोरेगावला निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की, भाडे दुप्पट द्यायचे, बैलगाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे. १९२९ साली ते बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. चाळीसगावला टांगेवाल्यांनी त्यांना टांग्यात घेऊन जाण्यास नकार दिला. आपल्या पुढाऱ्याने पायी चालत यावे हे तेथल्या समाजबांधवांना पटेना. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा आपल्यातलाच, ज्याने कधी लगाम धरला नव्हता. पुलावर टांगा उलटला. घोडा आणि टांगा खाली नदीत पडले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

आम्ही हा प्रसंग विहारात मुलांना सांगतो तेव्हा त्यातून दोन गोष्टी काढून दाखवतो. टांगेवाल्याचा दुष्टपणा तर सर्वांना दिसतो. त्याशिवाय हेही पाहावे की त्या दिवशी आपल्या वस्तीत टांगा हाकणारा एकही शिकलेला हात नव्हता. तो हात आपल्यापाशी असू दिला नव्हता. मुंबईच्या कापड गिरण्यांत आपल्या माणसाला विणकाम खात्यात घेत नसत, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे आणि बाट होई. पगार जास्त त्या खात्याचा! बाबासाहेबांनी हा प्रश्न १९२८च्या संपाच्या वेळी उघडपणे मांडला. हुन्नर शिकू न देणे हीही अस्पृश्यताच होती.

याच्या उलट उदाहरण कोल्हापूरचे. छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार तेथे दसऱ्याच्या सोहळ्यात लोक कौतुकाने पाहतात. पण आमच्या मनात कोल्हापूरची घोडागाडी जास्त ठसली आहे. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी चहाचे दुकान काढून दिले. महाराजांची गाडी त्या दुकानापुढे थांबे आणि ते सर्वांदेखत तेथला चहा घेत. कोणाच्या दारात गाडी थांबते याला केवढा अर्थ असतो, हे त्या राजाला कळले होते.

आता आपल्या जालन्याकडे या. कुंडलिकेच्या अलीकडे जुना जालना, पलीकडे नवा जालना, आणि शहराबाहेर पोलादाच्या भट्ट्या. देशभरातले भंगार ट्रकांतून येथे येते. त्यात मोटारींचे चेपलेले सांगाडेही असतात. भट्टीत दीड हजार अंशांच्या वर तापून लोखंडाचे पाणी होते, त्याच्या लगडी ओततात, आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळ्या निघतात. आमचे थोरले बंधू अशाच एका मिलमध्ये कामाला होते. अंगावर ठिणग्यांचे डाग घेऊन ते निवृत्त झाले. ते म्हणतात, "भट्टीत सगळ्या गाड्या सारख्याच. कोणाची होती ते लोखंड सांगत नाही."

पण भट्टीपर्यंत सगळ्याच गाड्या पोचत नाहीत. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली मोटार 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये. तिच्या क्रमांकात 'व्हीए' अशी अक्षरे येतात. आणि ज्या गाडीवर गरिबाचे पोट चालते ती? मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. धुराच्या दृष्टीने ते योग्यही असेल. एवढेच ध्यानात घ्यावे की जुनी वस्तू ठेवा ठरते की भंगार, हे तिच्यामागे किती पैसा आणि किती कसबी हात उभे आहेत यावर ठरते. पैसा आपल्याकडे नाही. हात मात्र आहेत.

हात आहेत, पण त्या हातांविषयी आपल्याच घरात दोन मते आहेत. मुंबईहून परतल्यावर आमच्या घरीही वाद झाला. पुतणी शहरातल्या एका गॅरेजात कामाला विचारायला गेली होती. मालकाने आधी आडनाव विचारले, मग म्हणाला, मुलगी आहे तर बिले करायला बस, गाडीला हात लावायचा नाही. ती घरी येऊन गप्प बसली. तिची आई, म्हणजे आमच्या वहिनी, त्यांना उलट बरेच वाटले. "खुर्चीचं काम आहे, घे," त्या म्हणाल्या. "माझ्या सासऱ्यांनी मेलेली ढोरं ओढली. तुझ्या बापानं भट्टीत अंग भाजून घेतलं. मी लोकांची भांडी घासली. हात काळे करायची कामं या घरानं पुष्कळ केली. बाबासाहेबांनी शिका म्हटलं ते पुन्हा हात काळे करायला का?"

वहिनींचे हे बोल हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. त्यामागे तीन पिढ्यांचे चटके आहेत. आम्ही स्वतः कारकून, बी.कॉम. झालेले, टेबलाची सावली भोगलेले. आम्ही कोणत्या तोंडाने तिला तेलकट कपडे घाल म्हणावे? पण पुतणीनेच उत्तर दिले. ती म्हणाली, "आई, आजोबांना ते काम गावानं लावलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती आणि त्यात शिकायचंही काही नव्हतं. हे काम मी परीक्षा देऊन शिकले. इंजिन उघडून मी सांगू शकते बिघाड कुठं आहे. जे सांगता येतं ते माझं आहे."

आमच्या मते यात सगळे आले. जातीने लादलेले काम आणि विद्येने मिळवलेले काम, दोन्हींत हात काळे होतात. परंतु पहिल्यात माणूस नाकारू शकत नाही आणि दुसऱ्यात तो आपल्या कसबाचा दाम मागू शकतो. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. तंत्रशिक्षणाच्या योजना त्याच खात्याकडे होत्या. वकील, प्राध्यापक आणि अधिकारी समाजात व्हावेत ही त्यांची इच्छा होतीच. पण कारखान्यातल्या कामगाराने यंत्रावर प्रभुत्व मिळवावे याचेही त्यांना महत्त्व वाटत होते. पुढे १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि आय.टी.आय. गावोगाव पोचल्या. आमच्या जालन्याहून संभाजीनगरला जाताना चिकलठाण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा लागते. तेथे बसगाड्यांचे सांगाडे उभे राहिले. त्या बसगाड्यांतून किती आपली माणसे दीक्षाभूमीला गेली असतील! त्या कार्यशाळेतला हातोडा हलका कसा म्हणावा?

मात्र मुंबईच्या त्या मिस्त्रींची गोष्ट आम्ही विसरलो नाही. कसब आहे आणि नाव नाही, अशी गत आपल्या मुलांची होऊ नये. म्हणून काही गोष्टी सुचवतो. जो मुलगा किंवा मुलगी दुरुस्तीचे काम करते, तिने आय.टी.आय.चे प्रमाणपत्र आणि उमेदवारीचा दाखला जपून ठेवावा. आपल्या नावाची पावती छापून घ्यावी, केलेल्या कामाची नोंद वहीत ठेवावी, बँकेत खाते आपल्या नावाने उघडावे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ पासून आहे. त्याच्या कार्यालयात जाऊन योजना विचाराव्यात, अर्ज करावा आणि पोच घ्यावी. एकट्याने जमत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून शेड घ्यावी. भाव ठरवताना लाजू नये. ओळखीच्या माणसानेही फुकट काम करून घेऊ नये. आपल्याच माणसाने आपल्या मुलाची मजुरी बुडवावी आणि मग चळवळीच्या सभेत समतेवर बोलावे, हे शोभत नाही.

आमची पुतणी आणि तिच्या वर्गातली दोन मुले यांनी रस्त्याकडेला एक पत्र्याची शेड भाड्याने पाहिली आहे. महामंडळाकडे अर्ज गेला आहे, अजून उत्तर नाही. वहिनींनी बचत गटातून काढून पाच हजार रुपये दिले. देताना त्या म्हणाल्या, "मला अजून पटलं नाही. पण त्या मालकाच्या खुर्चीत बसून तू लोकांची बिलं करावीस हेही आता पटत नाही." जमाखर्चाची वही आम्ही लिहून देणार आहोत. बी.कॉम.चा तेवढा उपयोग झालाच पाहिजे.

पाटी रंगवायला टाकली तेव्हा पेंटरने विचारले, प्रोप्रायटर म्हणून कोणाचे नाव घालू, वडिलांचे की काकांचे? तिघांनीही आपापली नावे कागदावर लिहून दिली, शिक्षणासकट. पहिले नाव मुलीचे आहे.

जय भीम.